बाराच्या जागी अकरा

मंठा
९ एप्रिल

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. आधी आईला वाचून दाखव, मग फाड. माझा नंबर तू ब्लॉक केलास, आईच्या फोनवर लावला तर तोही तूच उचलतोस आणि ठेवून देतोस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहायला बसलो आहे.

लग्नाच्या मांडवात तू म्हणालास, "सासऱ्याच्या उंबऱ्यात राहायला चालला ना, मंग माझ्या उंबऱ्यात पाय ठिवू नको." दोन वर्षं झाली, मी ठेवलेला नाही. तुझा शब्द इतका पाळणारा आपल्या अख्ख्या हसनाबादेत दुसरा सापडायचा नाही.

मी मजेत आहे. सासरे, रामकिसनमामा, मला जावईबापू म्हणतात आणि अजून एकदाही नावाने हाक मारलेली नाही. त्यांच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात माझ्यासाठी वेगळी गादी घातली आहे, वर वेगळा पंखा आहे. पाण्याचा तांब्या घ्यायला उठलो तरी सासूबाई, पुष्पामामी, आतून धावत येतात. मोटरसायकल आहे, फक्त तिची चावी मामांच्या खिशात असते. मागितली की म्हणतात, "कुठं जायचं ते सांगा, रिक्षा बोलावतो." फोनचा रिचार्ज संपायच्या आत मारलेला असतो. दिवाळीला मामांनी एकाच ताग्यातून दोन शर्ट शिवले, एक त्यांना आणि एक मला. आम्ही दोघं ते घालून गादीवर बसलो की गिऱ्हाईक आधी कापडाकडे बघतं, मग आमच्याकडे. ही तक्रार नाही, नुसतं सांगतो आहे.

तू विचारायचास ना, जालन्याला तीन वर्षं डिप्लोमा करून काय शिकलास? आता ऐक. मी विहिरीच्या मोटरचा टायमर केला आहे. शेतीची लाइट आठ तास येते. ती आली की माझा डबा मोटर चालू करतो, लावलेले तास मोजतो आणि बंद करतो. मोजण्यासाठी आत एक चिप आहे, पण त्या चिपला वेळ म्हणजे काय ते कळत नाही. वेळ तिला शेजारचा क्रिस्टल सांगतो. चिंचोक्याएवढी पत्र्याची डबी, तिच्यात गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची पातळ चकती. वीज दिली की ती थरथरते, आणि जेवढी जाडी तेवढा तिचा वेग ठरलेला. कमी नाही, जास्त नाही. माझा क्रिस्टल बारा मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला एक कोटी वीस लाख वेळा थरथरणारा. चिपला मी प्रोग्राममध्ये सांगून ठेवलं आहे की बाई, एवढे हिसके झाले की एक सेकंद धर. ती बिचारी मोजत बसते.

डबा चांगला खपतो आहे, मंठ्यात आणि पार भोकरदनच्या दुकानांतही. डब्यावर लिहिलं आहे 'दैवशाला टायमर'. लेकीचं नाव मामांनी घातलं. दैवशाला म्हणाली, "बनवला तुम्ही अन् नाव माझं, हे काही बराबर न्हाई." मी म्हणालो, असू दे.

आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

कल्याण


मंठा
२ मे

दादा,

तुझं उत्तर नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, असं लिहायचं ठरवलं होतं, पण पोस्टमन दिसला की उठून उभा राहतो हे खरं.

एक भानगड झाली आहे. इथून जवळच्या वाडीचे बद्रीनाथ म्हणून मोसंबीवाले आहेत. त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची विहीर सामाईक आहे. लाइट आली की आधी थोरल्याची चार तास पाळी, मग उरलेले चार तास बद्रीनाथची. पूर्वी यावरून रोज कुरबूर व्हायची म्हणून दोघांनी मिळून माझा डबा बसवला. यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं, असं ठरलं.

तर गेल्या महिन्यात बद्रीनाथ दुकानात आले आणि म्हणाले, "भावानं डब्यात काहीतरी करून ठिवलं. माझं पाणी रोज कमी पडून राह्यलं, झाडं सुकायलीत." मामांनी चहा पाजला आणि डबा बदलून दिला. परवा बद्रीनाथ परत आले तेव्हा हाताला पट्टी होती. नवीन डब्यानेही तेच केलं होतं. दोघा भावांची बांधावर झटापट झाली होती. थोरल्याने कुदळ उचलली, बायकांनी मध्ये पडून सोडवलं. "आता त्याच्या दारचं पाणी बी पिणार न्हाई," असं बद्रीनाथ म्हणाले. मी गादीवर बसून ऐकत होतो. दादा, मला तेव्हा तू आठवलास, दुसरं कोणी नाही.

मला डबा उघडायचा होता. पण दुकानात जावयाने पेचकस हातात घ्यायचा नाही असा नियम आहे. मी प्रोग्राम लिहायचा आणि पहिला नमुना करायचा. बाकी डाग देऊन सोल्डरिंग करणं, पेटीत बसवणं सगळं मच्छिंद्र करतो, वीस वर्षं मोटरी भरणारा आमचा कारागीर. जावईबापूंचे हात काळे होता कामा नयेत. शेवटी दैवशालाने दुकानातला एक डबा पिशवीत कोथिंबिरीखाली घालून आत घरात आणला. भर दुपारी खोलीचं दार लावून मी पलंगावर तो उघडला. बाहेरून मामी म्हणत होत्या, "आवाज करू नका, जावईबापू झोपलेत."

क्रिस्टलवर बारा लिहिलेलं नव्हतं. अकरा पॉइंट झिरो पाच नऊ दोन होतं.

हा आकडा वेडावाकडा दिसतो, पण तो मालही अस्सलच असतो. एका यंत्राला दुसऱ्याशी बोलायचं असतं तिथे तो लागतो, बाजारात ढिगाने मिळतो. मामांनी जालन्याहून माल आणताना बाराचे संपलेले होते. दुकानदार म्हणाला, हेच न्या, सगळे हेच नेतात. मामांना वाटलं, बाराच्या जागी अकरा, एकाने काय बिघडतं? मच्छिंद्रने सांगितलं तसं बसवलं, आणि मी गादीवर होतो. आता चिप मोजते आहे बाराच्या हिशोबाने आणि क्रिस्टल थरथरतो आहे अकराच्या. डब्याचा एक तास खऱ्या पासष्ट मिनिटांचा होतो. थोरल्याला वीस मिनिटं जास्त, बद्रीनाथला वीस मिनिटं कमी. ज्या विहिरीत उन्हाळ्यात तळाचा चिखल दिसायला लागला तिथे वीस मिनिटं म्हणजे मोसंबीच्या दोन रांगा.

मी त्याच संध्याकाळी मामांना सांगितलं की विकलेला प्रत्येक डबा परत उघडावा लागेल, मी जातो आणि बदलून येतो.

मामा आधी हसले. मग म्हणाले, "जावईबापू चुकत नसतात."

"नुसता क्रिस्टल चुकीचा बसला आहे, मामा. दहा मिनिटांचं काम आहे."

"अन् लोक काय म्हणतील? रामकिसननं जावई आणला अन् शेताशेतात पेचकस घिऊन फिरवला? बिलकुल न्हाई. पुढच्या डब्यांत बाराचे घाला, झालेलं झालं."

बद्रीनाथला त्यांनी दुकानात बोलावून सांगितलं की विहिरीतलंच पाणी कमी झालं आहे. इतक्या गोड शब्दांत सांगितलं की ते बिचारे आभार मानून गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो हे मला आता कळलं. फरक इतकाच की माझं तोंड पुरणपोळीने दाबलेलं आहे.

कल्याण


मंठा
१४ मे

दादा,

हे पत्र कामाचं आहे, म्हणून थट्टा कमी करतो.

रविवारपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे. म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे दहाव्या ग्रहाचा, जावयाचा, उत्सव. मामी आठवडाभर अनारशांचं पीठ करताहेत. मला एक गंमत वाटते. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा थोडं तोकडं पडतं, दरवर्षी थोडा थोडा फरक साचतो, मग पंचांगवाले एक महिना जास्तीचा घालून हिशोब जुळवतात. त्यांचाही बाराच्या जागी अकराचाच घोळ आहे. पण ते चूक झाकत नाहीत, उलट ती निस्तरायच्या महिन्यात तुपाचा दिवा लावून जावयाला जेवू घालतात. मामांना हे समजावलं तर म्हणाले, "वा, काय डोकं हे जावईबापूचं," आणि विषय संपला.

अडचण अशी आली की मामी परवा जेवताना थांबल्या. "धोंड्याला जावई बाहेरून यायला पाहिजे. घरातल्या घरात पानावर बसला तं त्याला पाव्हणा कसं म्हणावं? पाय कुणाचे धुवायचे?" घरजावयाला बोलवायचं कसं, याची तजवीज कुठल्याच पोथीत नाही.

म्हणून विचारतो. आम्हा दोघांना एक रात्र घरी येऊ दे. दैवशाला आणि मी येतो, आईच्या हातचं जेवतो, सकाळी निघतो. तुझा उंबरा ओलांडू द्यायचा नसेल तर ओसरीवर झोपतो. तू बोलला नाहीस तरी चालेल. मला एकदा कुठून तरी निघून इथे यायचं आहे, दादा. या घरात मी कायम पोहोचलेलाच असतो.

मामांनी दुसरा उपाय काढून ठेवला आहे. समोर नथमल शेठजींचं किराणा दुकान आहे, वर माडी आहे. "रात्रभर तिथं राहा, सकाळी वाजतगाजत आणतो." शेठजी हो म्हणाले. मला तसं यायचं नाही.

लवकर कळव. नुसतं 'ये' लिहिलंस तरी पुरे.

कल्याण


मंठा
२७ मे

दादा,

तुझं पत्र आलं नाही, त्यामुळे मी नथमल शेठजींच्या माडीवरून सासरी आलो.

नवा सदरा, टोपी, मागे दैवशाला, पुढे हलगीवाला. निघताना शेठजी हात जोडून म्हणाले, "जल्दी करू नका जावईबापू, ट्रक बघून रोड ओलांडा." एवढाच माझा प्रवास. रस्त्यात ओळखीची माणसं मोबाइल काढून उभी होती. मला हसू आलं नाही. असं वाटलं की आपण इतके दिवस ज्या खोलीत आहोत ती मंठ्याएवढी मोठी आहे, एवढंच.

पण पुढचं ऐक. आदल्या संध्याकाळी माडीवर दैवशाला म्हणाली, "मांडवात तुम्ही रुसले न्हाई. सगळे जावई रुसतात. तुमचा रुसवा बाकी हे, उद्या काढा."

"रुसून काय मागू?"

"जे गादीवर बसून मिळत न्हाई ते. पानावर बसलेल्या जावयाला न्हाई म्हणायची बाबाची टाप न्हाई. अन् मला बी तिथं कायमचं बसायचं न्हाई, हे बी कळू द्या."

दोन वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी पहिल्यांदा विचारलं, हे जास्त खरं.

पाय धुतले, ओवाळलं, पान वाढलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. मी हात मांडीवर ठेवून बसलो. बायका खिदळायला लागल्या, "रुसला गं जावई, गाडी पाहिजे त्याला!" मामा इतके खूश झाले की खिशातून मोटरसायकलची चावी काढून त्यांनी पानाशेजारी ठेवली. "घ्या. अजून काय पाहिजे? मागा."

मी म्हणालो, "विकलेला प्रत्येक टायमर उघडून क्रिस्टल बदलायचा आहे. मी जाणार. माझ्या हाताने बदलणार. आणि चूक झाली होती असं सांगून बदलणार."

हसणं थांबलं. मामांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, "चार माणसांत मला उघडं पाडून राह्यले तुम्ही."

"पाडत नाही मामा. मागतो आहे."

तूप धोंड्यात जिरायला लागलं. शेवटी मामीच बोलल्या, "पानावरून जावई उपाशी उठवता का? हो म्हणा की."

मामा हो म्हणाले. मी जेवलो.

हात धुताना मामा जवळ आले. टॉवेल त्यांनीच धरला होता. म्हणाले, "बापू, जावई बाहेर फिरायला लागला की त्याची ओळख होते. ओळख झाली की तो जातो, अन् त्याच्या मागं लेक जाते. मला एकच हे." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांना धरावंसंही वाटत होतं. अशा माणसाच्या तावडीतून सुटणं फार कठीण आहे, दादा. दुष्ट असता तर मी केव्हाच पळालो असतो.

मग डोळे पुसून म्हणाले, "मी बी येतो संग. मागं बसतो."

म्हणजे चावी मिळाली, पण गाडीवर मी एकटा नाही.

कल्याण


मंठा
१३ जून

दादा,

आधी बद्रीनाथची गोष्ट सांगतो. त्यांच्या विहिरीवर सगळ्यात आधी गेलो. दोघं भाऊ दोन टोकांना उभे होते. मी डबा उघडला, अकराचा क्रिस्टल काढला, बाराचा लावला, आणि काढलेला थोरल्याच्या तळहातावर ठेवला. काय झालं होतं ते दोघांना समजावलं. थोरला त्या डबीकडे बघत राहिला. "एवढ्याशापायी मी कुदळ उचलली?" म्हणाला.

मी बोलायच्या आत मागून मामा म्हणाले, "माल मी आणला. अन् विहिरीचं पाणी कमी झालं हे बी मी खोटंच सांगितलं. चूक माझी हे, पोराची न्हाई."

पोराची म्हणाले. जावईबापू म्हणाले नाहीत. उन्हात त्यांचा तोच एका ताग्यातला शर्ट घामाने चिंब झाला होता.

मोटर चालू झाल्यावर थोरल्याने फावडं उचलून धाकट्याच्या हातात दिलं आणि दोघं पाटाच्या तोंडाशी गेले.

तेव्हापासून आम्ही रोज फिरतो आहोत. माझे हात काळे झाले आहेत आणि मला ते धुवावेसे वाटत नाहीत. पण एक गोष्ट मी हळूहळू ओळखली. रोज संध्याकाळी मामा विचारतात, "किती राह्यले?" आणि आकडा कमी झाला की त्यांना बरं वाटतं. डबे संपले की गादी आहे, पंखा आहे. अधिक महिना परवा संपतो आहे. त्यांच्या हिशोबाने माझा रुसवाही संपतो.

काल शेवटचा डबा झाला असं मी समजत होतो. घरी आलो तर मच्छिंद्र बसस्टँडवरून एक पार्सल घेऊन आला होता, जालन्याच्या कंडक्टरने दिलेलं. पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं. आत 'दैवशाला टायमर'. सोबत चिठ्ठी नाही. पोत्यावर फक्त तुझं ते कोंबडीच्या पायांसारखं अक्षर: 'बिघडला. हसनाबाद.'

मी ओट्यावरच बसलो. तू घेतला होतास, दादा. भोकरदनच्या दुकानात उभं राहून, डब्यावरचं नाव वाचून, कुणी बनवला ते माहीत असून घेतला होतास. माझा नंबर ब्लॉक करून माझा डबा आपल्या विहिरीवर बसवलास. महिने न् महिने तो तिथे तास मोजत होता, चुकीचे का होईना, आणि मी इथे पोस्टमनकडे बघत होतो. मी रडलो. लपवत नाही.

दैवशालाने आतून पेचकस आणला. मी नको म्हणालो. इथे उघडला तर दहा मिनिटांत होईल आणि मग मामा म्हणतील, बसने परत धाडा. म्हणून तो तसाच ठेवला आहे, पोत्यात, काठाची गाठही न सोडता. तुझ्या विहिरीवर येऊन उघडीन. उद्या सकाळी निघतो. हे पत्र आधी पोहोचतं की मी, ते बघू. तुझ्या उंबऱ्याबद्दल तुझा शब्द आहे, विहिरीबद्दल तू काही बोललेला नाहीस. मी विहिरीपासून सुरुवात करतो.

दैवशाला येते आहे. तिने पिशवी भरली आहे. एका रात्रीच्या मानाने ती फार जड आहे. मामींनी ती उचलून पाहिली आणि वरून अनारशांचा डबा आत सरकवला.

मामांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "भावाचं काम हे, जायलाच पाहिजे. मी न्हाई येत, कंबर धरली." त्यांची कंबर धरलेली नाही, मला माहीत आहे. मग दारापर्यंत आले, रोज संध्याकाळी पुन्हा त्यांच्याच खिशात जाणारी चावी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"परत कधी?" म्हणाले.

दोन वर्षांत या घरातून मी कुठेही निघालो तरी परतायची वेळ सांगून निघालो आहे. या वेळी त्यांनी दोनदा विचारलं. मी त्यांच्या पाया पडलो, आणि वेळ सांगितली नाही.

तुझा,
कल्याण